चाळिशीच्या आत

१ जुलै, सकाळी

नवी वही. तीन नियम. रोज लिहायचं. खरं लिहायचं. कुणाला वाचू द्यायचं नाही. वही किटबॅगेत राहील, शिट्टी आणि हवा भरायच्या पंपाशेजारी. तिथे कुणी हात घालत नाही, कारण मोजेही तिथेच असतात.

१ जुलै, दुपारी

फुटबॉल क्लबची नोटीस आली. फोनवर, इंग्रजी आकड्यांत, मुंगीएवढ्या टायपात. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लगेच वाचली. माझ्या फोनची एक खोड आहे, लांब धरला तरच अक्षरं नीट दिसतात. आज हात थोडा आखूड पडला. पण वाचलं.

आजवर क्लब मुलांची वयं १ जानेवारीला मोजत असे. आता सगळ्या गटांना नवी कट-ऑफ. एक, तिरकी रेघ, आठ. म्हणजे १ ऑगस्ट. दोनदा वाचलं. मग गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीत बसून तीन वेळा गोल फिरलो.

कारण असं. भिंगरी, म्हणजे माझी लेक, २० ऑगस्टला अकरा पूर्ण करते. १ ऑगस्टला ती दहाचीच असणार. म्हणजे अकरा वर्षांखालच्या संघात, आणि त्या संघात सगळ्यांत थोरली. इतकी वर्षं ती बारक्यांत मोडायची, धक्का लागला की दोन कोलांट्या खायची. आता धक्के तीच देणार. कॅप्टन तर झालीच समजा.

शिवाय मी. मी ३० ऑगस्टला चाळीस पूर्ण करतो. १ ऑगस्टला एकोणचाळीसच. क्लबने चाळिशीवरच्यांचा एक संघ काढलाय, त्यात सगळी पोटं आहेत आणि माझा साडू आहे. मी मात्र आणखी एक वर्ष खुल्या गटात.

एका आकड्यात मुलगी मोठी झाली आणि बाप तरुण राहिला. हा नियम ज्याने केला त्याचे डोळे मी जन्मभर तपासून देईन.

२ जुलै

बायकोला बातमी दिली. ती मागच्या खोलीत मशिनवर काचा फ्रेमच्या मापाला घासते, त्यामुळे तिला अर्धंच ऐकू जातं. नोटीस तिनेही वाचली होती. म्हणाली, चाळिशी लाव आणि परत वाच.

या धंद्यात मी रोज चार माणसांना सांगतो की साहेब, तुम्हाला चाळिशी लागली. पण चाळिशी चाळीसला लागते. शब्दातच आहे. मी एकोणचाळीसचा आहे. तिला हे समजावून सांगितलं. तिने मशिन सुरू केलं.

भिंगरी पण आली आणि नोटिशीतल्या आकड्याबद्दल काहीतरी सांगायला लागली. तिला म्हटलं, आकड्यांचं मला सांगू नकोस, तक्त्यावर तीनचा आठ आणि आठचा नऊ करणारी पंधरा माणसं मी दिवसाला दुरुस्त करतो. गप्प बसली. शिस्त आहे मुलीत.

५ जुलै

साडू सहकुटुंब आला होता. साडू दातांचा डॉक्टर. त्याची मुलगी तोफ. किक अशी मारते की नाव आपोआप पडलं. तोफ जूनमध्येच अकरा झाली, त्यामुळे नव्या नियमाने ती थेट बारा वर्षांखालच्या दांडग्या मुलींत. बिचारी. मी साडूच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने विचारलं काय झालं. दातवाल्यांना दुखणं उशिरा कळतं.

मग म्हणाला, बरं झालं, दोघी मावसबहिणी यंदाही एकाच संघात. त्याला अजून काही समजलेलं नाही. मी दुरुस्त केलं नाही. आधीच दुःखात असलेल्या माणसाला आकडे कशाला दाखवायचे.

संध्याकाळी भिंगरीने विचारलं की, बाबा, तुझ्या हिशोबाने मी आणि तोफ वेगळ्या होणार का. म्हटलं, हो, पण तू कॅप्टन होणार. म्हणाली, मला कॅप्टन व्हायचं नाही, तोफ नसेल तर मी खेळणारच नाही. डोळे भरून आले तिचे. सहा वर्षांच्या असल्यापासून दोघी एकत्र खेळतात. तोफ न बघता बॉल मारते आणि जिथे तो पडतो तिथे भिंगरी आधीच पोचलेली असते. हे कसं जमतं ते त्यांनाही सांगता येत नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं, दोन पोळ्या कमी खाल्ल्या. पण बापाने लांबचं बघायचं असतं. माझं लांबचं उत्तम आहे.

ता. क. वहीच्या कडेला, २ तारखेच्या पानावर, काळसर काहीतरी चिकटलंय. मुंगी चिरडली असावी. बॅगेत बिस्किटं ठेवणं बंद.

८ जुलै

आज क्लबच्या सेक्रेटरीबाईंना भेटलो. त्या पोस्टात असतात, बोलताना समोरच्या माणसावर शिक्का मारल्यासारखा हात टेबलावर आपटतात. अकरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाचा कोच व्हायची तयारी दाखवली.

बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, अकरा वर्षांखालच्या? नक्की? म्हटलं, अगदी विचार करून. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत असा निःस्वार्थ पालक पाहिला नाही म्हणाल्या. मी म्हटलं, स्वार्थ कसला, माझ्यासाठी सगळ्याच मुली सारख्या. त्यांचे डोळे ओले झाले. (डावा जास्त. अश्रुनलिका तपासायला हवी.)

पूर्ण सीझनच्या करारावर सही केली. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. सभ्य माणसांत ते वाचायचं नसतं.

११ जुलै

आज कोचिंगचं पुस्तक उघडलं. छपाई फार वाईट. चित्रं पाहिली. बाण आहेत, गोल आहेत. पुरेसं आहे.

८ तारखेच्या पानावर पण ठिपके. दोन ओळींत, मुंग्या रांगेने येऊन मेल्यासारखे. कागदच हलका दिसतो. पुन्हा या दुकानातून वही घ्यायची नाही.

१८ जुलै, शनिवार

सकाळपासून भिंगरी घरात नाही. बायको म्हणाली, तोफेबरोबर मैदानावर गेलीय. मागून कळलं की आज बारा वर्षांखालच्या संघाची निवडचाचणी होती. म्हणजे बहिणीला धीर द्यायला गेली. स्वतःला जिच्यापासून तोडलं जातंय तिच्यासाठी टाळ्या वाजवायला. माझी मुलगी आहे.

दुपारी आली ती कानापर्यंत चिखलात आणि गुणगुणत. दुःख लपवायची एकेकाची रीत असते. मग विचारलं की, बाबा, तू नाही म्हणाला नाहीस ना. म्हटलं, कशाला? म्हणाली, काही नाही, पण नाही म्हणाला नाहीस ना. म्हटलं, मी तुला कधी नाही म्हणतो का. टुणकन उडी मारून गळ्यात पडली. शर्ट धुवायला टाकला.

१ ऑगस्ट

आजपासून मी अधिकृत तरुण.

साजरं करायला मैदानाला आठ फेऱ्या मारायचं ठरवलं. दुसऱ्या फेरीच्या वळणावर डावी पोटरी धरली. गवतावर आडवा झालो. नेमका त्याच वेळी चाळिशीवरच्यांचा सराव. साडू धावत आला, म्हणजे त्याच्या मानाने धावत. त्यांच्यातला एक टकलू बँकवाला खिशातून स्प्रे काढून उभा. घेतला मारून. ज्येष्ठांचं मन मोडवत नाही.

साडू म्हणाला, येशीलच आता आमच्यात. मी हसलो. तोही हसला. आमची हसण्याची कारणं वेगळी होती.

९ ऑगस्ट

संघाच्या चौदा जर्सी आल्या. वापरण्याआधी एकदा धुतलेल्या बऱ्या. लेबल बघितलं. लेबलवरचं अक्षर म्हणजे जर्सीवाल्यांनी ग्राहकाशी धरलेलं वैर. नव्वद डिग्री लिहिलं होतं. नव्वदवर लावल्या.

बाहेर आल्या त्या बाहुलीला बसतील. कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे. बायको दोरीवर जर्सी घालता घालता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. तिलाही लागलं असेल.

१२ ऑगस्ट

पहिला सराव. चौदा मुली. दोघी रडत होत्या, एक गोलमध्ये बसून गवताची वेणी घालत होती, एकीने मला सर न म्हणता आजोबा म्हटलं. उन्हामुळे असेल. जर्सी बेंबीपर्यंत येतात. जमलेल्या पालकांना सांगितलं की मुली झपाट्याने वाढताहेत. एक आई खूश झाली.

भिंगरीला मी मुद्दाम सरावाला आणलं नाही. हुकमाचा एक्का पहिल्या डावात टाकत नाहीत. तिला म्हटलं, तू थेट पहिल्या मॅचला ये, तोवर कुणाच्या नजरेत भरू नकोस. मला वाटलं हट्ट करेल, पण वाक्य संपायच्या आत हो म्हणाली. मंगळवारी आणि गुरुवारी ती तोफेबरोबर खेळते म्हणे. मी दुकानात असतो. हरकत नाही, हात-पाय हलते राहिलेले बरे.

सेक्रेटरीबाई लांबून बघत होत्या. दुसऱ्या पालकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. आदर लांबूनही दिसतो.

२० ऑगस्ट

भिंगरी अकराची झाली. तोफ सकाळी सातलाच दारात हजर. साडूने बूट आणले, सोबत टूथब्रश. मी आयुष्यभराचा सल्ला दिला, सल्ल्याच्या मध्येच दोघी बाहेर पळाल्या.

क्लबकडून भिंगरीची जर्सी आली. गुडघ्यापर्यंत. बायकोला म्हटलं, बघ हा हलगर्जीपणा, संघातल्या सगळ्यांत मोठ्या मुलीला इतकी ढगळ जर्सी. मग लक्षात आलं, कॅप्टनची असणार. छातीवर मोठा १२. नंबर चांगला आहे.

भिंगरी ती घालून आरशासमोर गोल गोल फिरली. एवढी आनंदात तिला पाहिलं नव्हतं. तोफेला विसरली बहुतेक. मुलं पटकन सावरतात. आपण उगीच काळजी करतो.

३० ऑगस्ट

चाळीस. घरच्या कॅलेंडरप्रमाणे. क्लबच्या कॅलेंडरप्रमाणे मी या सीझनभर एकोणचाळीस, आणि मी क्लबचं मानतो.

बायकोने एक चपटी डबी दिली. आत चष्मा. स्वतः घासलेल्या काचा, प्लस सव्वा, फ्रेम माझ्या आवडीची, जी मी पाच वर्षं गिऱ्हाइकांना खपवायचा प्रयत्न करतोय. म्हटलं, सुंदर काम, कोणत्या गिऱ्हाइकाचा आहे? ती मशिनकडे निघून गेली. डबी किटबॅगेत टाकली, गिऱ्हाईक आलं की देईन.

साडूने मिठी मारली आणि स्वागत आहे म्हणाला. कशात ते बोलला नाही. दाढ काढण्यापूर्वी हे लोक असंच गोड बोलतात.

४ सप्टेंबर

उद्या पहिली मॅच. भाषण तयार. सुरुवातीला विनोद, मध्ये शिस्त, शेवटी भिंगरीच्या दंडावर कॅप्टनची पट्टी. पट्टी मी स्वतः शिवली. सुईत दोरा ओवायला चाळीस मिनिटं लागली. हल्ली सुयांची भोकं बारीक करतात.

५ सप्टेंबर, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो. नियम दोन.

सकाळी चौदा मुलींना गोल बसवलं. विनोद सांगितला. वेणीवाली हसली, पण तिला फुलपाखरू दिसलं होतं. शिस्तीचं सांगितलं. मग पट्टी वर धरून मोठ्याने म्हटलं की आपली कॅप्टन, भिंगरी. चौदा मुलींनी चौदा मुलींकडे बघितलं. एकीने विचारलं, कोण भिंगरी?

रेफरीने यादी दाखवली. यादीत नाव नाही. मी तावातावाने सेक्रेटरीबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, अहो, ती बारामध्ये आहे ना, पलीकडच्या मैदानावर. म्हटलं, अशक्य, १ ऑगस्टला ती दहाची होती. बाई म्हणाल्या, १ ऑगस्टचं काय? म्हटलं, नोटीस काढा. त्यांनी फोनवर नोटीस काढली. मी म्हटलं, हा बघा आठ. बाईंनी दोन बोटांनी आकडा ताणला. आठाचं खालचं पोट सुटलं आणि शेपूट झालं.

नऊ. १ सप्टेंबर.

मीही दोन बोटांनी ताणून बघितला, नऊच राहिला. बाईंनी हळूच विचारलं की म्हणजे तुम्ही हे निःस्वार्थपणे घेतलं नव्हतं का. मी म्हटलं, थोडंफार घेतलं होतं. त्यांनी माझा हात पुन्हा धरला, पण या वेळी एकाच हाताने.

कुंपणापाशी जाऊन पलीकडे पाहिलं. बारा वर्षांखालच्या दांडग्या मुली. त्यांत एक शेंगदाण्याएवढी, गुडघ्यापर्यंत जर्सी, सगळ्यांत लहान. कुणीतरी धक्का दिला, दोन कोलांट्या खाल्ल्या, उठली, पळाली. मला वाटलं आपण धावत जाऊन मॅच थांबवावी. तेवढ्यात तोफेने मान खाली घालून, कुठेही न बघता बॉल मारला. तो दोन उंच मुलींच्या मधून गेला. आणि जिथे पडला तिथे भिंगरी होती. कधीचीच होती.

गोल.

मी कुंपणावर चढलो. चढलो हे मला उतरताना कळलं. माझ्याइतकं कुणीही ओरडलं नसेल. हे सगळं मला स्पष्ट दिसलं, तिच्या तोंडावरचं हसूसुद्धा, पडलेल्या सुळ्याच्या जागेसकट. लांबचं माझं खरंच उत्तम आहे.

मी तिला या जागेपासून लांब ठेवायला दोन महिने खपत होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही. आणि तरी आज इतका आनंद झालाय की शिट्टी अजून तोंडातच आहे, बायको काढायला सांगतेय.

माझा संघ हरला. ०–९. बोर्ड लांब होता, त्यामुळे आकडा खात्रीचा. नववा गोल खाल्ल्यावर वेणीवालीने वेणी मला दिली.

परत निघताना साडू आडवा आला. हातात जर्सी, पाठीवर ४०. १ सप्टेंबरला मी चाळीस पूर्ण, दोन दिवस आधीच. पोटांच्या संघात सगळ्यांत लहान. टकलू बँकवाल्याने माझा गालगुच्चा घेतला. तिथे मला बाळ म्हणणार आहेत, बहुमताने ठरलंय.

६ सप्टेंबर, सकाळी

बॅगेतली डबी काढली. गिऱ्हाईक आलं होतं.

चष्मा लावला. आधी स्वतःचा हात बघितला. त्यावर इतक्या रेघा असतात हे माहीत नव्हतं. मग करार वाचला. बारीक अक्षरांत लिहिलंय की जर्सी धुण्याची जबाबदारी पूर्ण सीझन कोचची.

मग ही वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कागद उत्तम आहे. मुंग्या नव्हत्या. पेन्सिल होती.

२ जुलैच्या कडेला: बाबा, तो ८ नाही ९ आहे. बोलू दिलं नाहीस म्हणून इथे लिहिलं. बारीक लिहितेय म्हणजे तुझी वही खराब होणार नाही.

८ जुलैच्या कडेला: बाबा, १८ ला आमची निवडचाचणी आहे, माझी आणि तोफेची. जाऊ का? नको असेल तर खाली नाही लिही.

१८ जुलै: नाही लिहिलं नाहीस. थँक्यू थँक्यू थँक्यू.

९ ऑगस्टला बायकोचं अक्षर: लेबलवर ३० होतं.

३० ऑगस्टला पुन्हा तिचंच: गिऱ्हाईक तूच आहेस.

म्हणजे दोन महिने ही वही घरात सगळ्यांनी वाचली. मी सोडून.

कालच्या पानावर, शिट्टीच्या वाक्याखाली, एक ताजी ओळ: बाबा, बारामध्ये मी सगळ्यांत लहान आणि चाळीसमध्ये तू. वाचता आलं तर डोळा मार.

वर पाहिलं. भिंगरी समोर बसून गृहपाठ करायचं नाटक करत होती. पेन्सिलीचं टोक चावलेलं, नजर माझ्यावर.

डोळा मारला. मला एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात. त्यामुळे ती हसताना दिसली नाही, नुसती ऐकू आली.